रूळ काढून सायकलची वाट केली तर बरं का वाईट?

पेठेतला सायकलवाला:
भाचीकडं डुनेडिनला गेलोतो न्यूझीलंडात, तिथनं ओटागो सेंट्रल रेल ट्रेल करून आलो. क्लाइड ते मिडलमार्च, 152 किमी, चार दिवस. 1990 ला लाइन बंद झाली, रूळ उपटले, बारीक खडी टाकली, आणि 2000 पासनं सगळी वाट चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना, घोडेवाल्यांनासुद्धा खुली. माझं म्हणणं एवढंच की सायकलला जुन्या रेल्वेसारखी दुसरी वाट नाही. इंजिनाला चढ सोसत नाही म्हणून त्या लोकांनी डोंगराला वळसे घातले, कातळ फोडला, पण चढ पन्नासात एकच्या, म्हणजे पन्नास फूट पुढं गेल्यावर एक फूट वर, यापेक्षा जास्त जाऊ दिला नाही, त्यामुळं माझ्यासारखा छप्पन्न वर्षांचा गुडघेदुखीवालापण गप्पा मारत चढतोय. पूलबर्नच्या दरीत दोन बोगदे आहेत, आत एक दिवा नाही, आणि मी बॅटरी मुक्कामावर विसरलो. मग काय, मोबाईलची टॉर्च लावून तो दातात धरला न सायकल ढकलत गेलो, बाहेर आलो तर स्क्रीनभर लाळ. क्लाइडच्या बाजूला थाइम नावाचं वासाचं झुडूप रानासारखं माजलंय, चाकाखाली आलं की चक्क ओव्याचा वास.

घाटवेडा:
दादा पन्नासात एक म्हणजे सायकल का पाळणा? रविवारी वाघबीळपासनं पन्हाळा चढून दाखवा, मग बोलू. चार दिवस सपाट म्हणजे रंकाळ्याला फेऱ्या मारल्यागत.

पेठेतला सायकलवाला:
सपाट कोण म्हणालं? वेडरबर्नजवळ 618 मीटर उंचीवर जातीय ती वाट. आणि वारं समोरनं लागलं की उतारावरपण पायडल मारायला लागतंय, आडोशाला झाड नाही. हसू नको.

मिरज लाइनवाला:
तुम्ही मजा केली, आनंद आहे. पण कौतुक कशाचं करताय, मेलेल्या गाडीचं? आमचे वडील बार्शी लाइट रेल्वेनं मिरजेहून पंढरपूरला जायचे, अडीच फुटी रूळ, वारीत डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. ती नॅरोगेज गेली तिथं ब्रॉडगेज आली. आपल्याकडं लाइन मरत नाही, रुंद होते. तिथं खडी टाकून ट्रेल केला असता तर कवठेमहांकाळची म्हातारी काय सायकलवरनं विठोबाला जाणार होती का? तिकडं विदर्भात शकुंतला ही नॅरोगेज गाडी बंद पडली तर लोक ब्रॉडगेज मागतायत, सायकल ट्रॅक नाही मागत. आणि आपण कोल्हापूरकर वैभववाडीच्या लाइनची किती वर्षं वाट बघतोय ते तुम्हाला सांगायला नको. इथं कुणी रेल ट्रेलची टूम काढली तर पहिला विरोध माझा.

पेठेतला सायकलवाला:
गाडी काढून वाट करा असं मी कुठं म्हटलं? त्यांची लाइन शेवटी शेवटी क्लाइड धरणाचं सामान वाहायला तेवढी जगवली होती, धरण होत आलं, काम संपलं. क्लाइडच्या पुढची क्रॉमवेलपर्यंतची वाट तर धरणाच्या पाण्यातच गेली. आणि डुनेडिन ते मिडलमार्च रूळ डुनेडिन शहरानं विकत घेऊन पर्यटकांच्या गाडीसाठी ठेवले. म्हणजे जिथं गाडी चालण्यासारखी होती तिथं ठेवली की. गंमत म्हणजे मिडलमार्चला रेल्वे पोचली 1891 ला, आपली कोल्हापूर-मिरज पण त्याच सालची.

मिरज लाइनवाला:
बघा, तुम्हीच बोललात. त्याच सालची आमची अजून खच्चून भरून धावतीय.

पायी पायी:
काका, मला वेगळंच म्हणायचंय. चालणाऱ्यांना खुली म्हणता, पण मागनं घंटी न वाजवता सायकल आली की दचकून बाजूला उडी मारायची कुणी? आम्ही दर पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड करतो, चिखलात बूट सोडून यावं लागतं, पण मागनं कुणी सटासट जात नाही. आणि चार दिवसात 152 म्हणजे दिवसाला अडतीस किलोमीटर, मग बघितलं काय, समोरच्याचा कॅरिअर? तो ओव्याचा वास पायी गेला असता तर तासभर पुरला असता.

पेठेतला सायकलवाला:
घंटीचं मान्य, मीपण एका बाईंना दचकवलं, सॉरी म्हणून सायकलवरनं उतरलो. पण पायी आठवडा लागतोय आणि माझी सुट्टी भाचीच्या हातात. वासाचं म्हणाल तर घरी येऊन बॅग उघडली तर बायको विचारतीय, ओव्याची पुडी फुटली काय?

घाटवेडा:
ते सगळं असू दे. रविवारी पहाटे पाचला वाघबीळ. येताय का?

पेठेतला सायकलवाला:
येतो, पण वर गेल्यावर झुणका भाकरी तुझ्याकडनं. आणि मधे ढकलली तर फोटो काढायचा नाही.