‘ऑक्सिजनची पातळी जास्त’ : हायपरऑक्सियाला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका : भूल देऊन चाललेल्या शस्त्रक्रियेत ऑक्सिजन जास्त झाला तर हृदयावर काय परिणाम होतो, यावरचा लेख मराठीत करतेय. ‘हायपरऑक्सिया’साठी ‘ऑक्सिजनची उच्च पातळी’ लिहिलं. सासऱ्यांनी वाचून विचारलं, “माझी ९९ असते, मग काळजीचं आहे का?”

भूलतज्ज्ञ : त्यांचं चुकलं नाही. कोविडपासून ‘ऑक्सिजन किती?’ म्हटलं की बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडाच समजतात. तो रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलंय ते सांगतो. १००च्या पुढे तो जाणार कुठे? हायपरऑक्सिया कळतो तो रोहिणीतलं, म्हणजे धमनीतलं, रक्त तपासून. त्या तपासणीला एबीजी म्हणतात. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. त्यावर निरोगी माणसाच्या रोहिणीत ऑक्सिजनचा दाब साधारण ८० ते १०० मिमी पारा. शंभर टक्के ऑक्सिजन दिला की फुप्फुसं धड असतील तर तोच ५००च्याही वर जातो. ऑक्सिमीटर दोन्ही वेळा ९९-१००च दाखवणार! तेव्हा ‘पातळी’ टाळा, ‘दाब’ लिहा.

संस्कृतप्रेमी : ‘अतिप्राणवायुता’ का नको? नेटका शब्द आहे.

अनुवादिका : उच्चारताना माझाच प्राणवायू कमी पडतो. शिवाय आयुर्वेदात प्राण हा पाच वायूंपैकी एक. आरोग्यविषयक लेखात वाचक भलतीकडेच जायचा.

भूलतज्ज्ञ : मी ‘ऑक्सिजनाधिक्य’ला मत देईन. ‘ऑक्सिजनची विषबाधा’ मात्र नको, ती निराळी गोष्ट. इथे होतं ते असं : रोहिण्या आकसतात, हृदयाला रक्त पुरवणाऱ्यासुद्धा. ठोके किंचित मंदावतात आणि हृदय दर मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्त कमी होतं. हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असल्यामुळे वाढीव ऑक्सिजन फक्त रक्तद्रवात विरघळतो, तोही अगदी थोडा.

अनुवादिका : मग ‘हृदयास घातक’ लिहू?

भूलतज्ज्ञ : नको, तेवढा पुरावा नाही. २०१५ साली मेलबर्नच्या अभ्यासात, हृदयविकाराचा झटका आलेल्या पण ऑक्सिजन पुरेसा असलेल्या रुग्णांना तो दिल्यावर हृदयाची इजा जास्त दिसली. २०१७च्या स्वीडनमधल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अशाच अभ्यासात ऑक्सिजन दिलेल्या आणि न दिलेल्यांच्या मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. आणि हे रुग्ण भुलेखालचे नव्हतेच. उलट २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी, नळी घालून भूल दिलेल्या प्रौढांना शस्त्रक्रियेत ८० टक्के ऑक्सिजन द्यायला सांगितलं होतं. त्यावर वाद झाला तो झालाच. भूल देण्याआधी मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन आम्ही मुद्दाम देतो, श्वास थांबला तर हाताशी साठा असावा म्हणून. ‘घातक’ वाचून कोणी ऐन टेबलावर मास्क ढकलायचा! ‘रक्तपुरवठा कमी होऊ शकतो’ एवढंच लिहा.

अनुवादिका : आणि एफआयओटू?

भूलतज्ज्ञ : ‘श्वासातून दिलेल्या वायूतलं ऑक्सिजनचं प्रमाण’. लांबतं खरं, पण ‘प्रमाण’ तिथे आणि ‘दाब’ रक्तात, एवढं पाळलंत तर घोळ होणार नाही.