वॉशिंग मशीनची जागा ठरवताना आधी ड्रेन बघा

वॉशिंग मशीन बाथरूममध्ये ठेवायचं की बाल्कनीत, असा प्रश्न आला की सगळे नळाच्या अंतराबद्दल बोलतात. नळाची नळी लांब मिळते. खरं अडतं ते ड्रेनपाशी, म्हणजे मशीनचं पाणी बाहेर जातं तिथे. बहुतेक फ्रंट लोड मशीनना ड्रेन पाइपचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते ९० सेंटीमीटर उंच लागतं. मशीनची पाणी सोडणारी नळी थेट जमिनीवरच्या जाळीत सोडली तर सायफन होतो: मशीन पाणी भरत राहतं, ते आपोआप वाहून जातं आणि प्रोग्रॅम पुढे सरकतच नाही. नळी पाइपात १०-१५ सेंटीमीटरच घाला आणि भोवती फट ठेवा. ती सिलिकॉनने बुजवली की हवा आत शिरत नाही आणि पुन्हा तोच सायफन.

छत असेल तर माझं मत बाल्कनीला, कारण बाथरूमची सततची ओल मशीनच्या पत्र्याला आणि सर्किटला सोसत नाही. फक्त बाल्कनीला उतार असतो, म्हणून चारही पाय स्पिरिट लेव्हल (बुडबुड्याने पातळी दाखवणारी पट्टी) ठेवून जुळवा आणि मग प्रत्येक पायाचा लॉकनट (पाय फिरू न देणारा नट) मशीनच्या बुडाशी घट्ट आवळा. तो सैल राहिला तर स्पिनच्या वेळी मशीन जागा सोडतं. अर्थिंगचा सॉकेट मशीनच्या मागे नको, हात पोचेल असा बाजूला घ्या.