मदत हवी आहे: हिरोशिमाचं म्युझियम ८ वर्षांच्या भाचीला दाखवावं का?

नमस्कार मंडळी, मे मध्ये जपानला चाललोय, आई-बाबा, ताई, तिची ८ वर्षांची मुलगी आणि मी. वयाने मी सगळ्यात लहान (भाची सोडून) पण "तुला नेटवरचं कळतं" म्हणून प्लॅनिंग माझ्याच गळ्यात. तोक्यो-क्योतोचं झालं, गाडी अडलीय हिरोशिमाला.

बाबांना पीस मेमोरियल म्युझियम बघायचंच आहे, ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ हे त्यांना तोंडपाठ. ताई म्हणते पोरीला तिथे न्यायचं नाही म्हणजे नाही. मी व्हिडिओ बघितले, त्यात एका लहानग्याची गंजलेली तीनचाकी सायकल आहे, बॉम्ब पडला तेव्हा तो त्यावरच खेळत होता, मग शाळकरी मुलांचे जळके फाटके कपडे. मीच मध्येच बंद केला, खोटं कशाला बोलू.

पण खरा घोळ वेगळाच आहे. भाचीला कुणीतरी सादाको सासाकीची, म्हणजे बॉम्बनंतर आजारी पडलेल्या तिथल्या मुलीची गोष्ट सांगितलीय, हजार कागदी क्रेन (घडी घालून करायचे क्रौंच पक्षी) केल्या की इच्छा पूर्ण होते ती (क्रेन म्हटल्यावर बाबांना आधी बिल्डिंगवरची वाटली). तेव्हापासून ही जे हातात येईल त्याच्या क्रेन करत सुटलीय, चपलेच्या खोक्यात ६३ झाल्यात, जुनी बिलं, चॉकलेटची चांदी, काही सोडलं नाही. एकीची मान सारखी मोडते, ती "आजारी" म्हणून वेगळी, कापसावर. आणि हिचा पक्का समज की सादाको बरी झाली. हा खोका तिला सादाकोला द्यायचाय!! आता हे घरी सांगू की तिथे गेल्यावर? मुलांना घेऊन कोणी गेलं असेल तर सांगा, फक्त "मुलं समजूतदार असतात" एवढंच नको, ते ताईला सांगून झालंय.

प्रतिसाद १:
आम्ही मुलगा ९ चा असताना गेलो होतो. तुम्ही बघितलेलं सगळं मेन बिल्डिंगमध्ये आहे, तिकडे त्याला नेलं नाही. दोन बॅच करा, मोठे आत, एक जण मुलीबरोबर पार्कमध्ये. बाहेर मुलांना बघण्यासारखं खूप आहे. म्युझियम खांबांवर उभं आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की स्मारकाच्या कमानीतून ज्योत आणि मागे बॉम्बमधून उरलेल्या इमारतीचा घुमट सरळ एका रेषेत दिसतात. ती ज्योत १९६४ पासून जळतेय, जगातली अण्वस्त्रं संपली की विझवणार म्हणे. आमच्या चिरंजीवांनी लगेच विचारलं, कधी? बॉम्बमध्ये होरपळून पुन्हा पालवलेली अओगिरीची झाडं पण तिथेच आहेत, ती जरूर दाखवा, बाकी कशापेक्षा आमच्याकडे तीच लक्षात राहिली. म्युझियमला गर्दी मरणाची असते, सकाळी साडेसातचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा.

प्रतिसाद २:
घरीच सांगा, आणि नीट सांगा. बऱ्याच ठिकाणी गोष्ट अशी सांगतात की हजार व्हायच्या आधीच ती गेली. तसं नाहीये. तिच्या हजार क्रेन पूर्ण झाल्या होत्या, त्यानंतरही ती करतच होती, औषधाच्या पुड्यांच्या कागदाच्या सुद्धा. बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, साधारण १.६ किमी लांब, अंगावर ओरखडा नाही. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) निघाला दहा वर्षांनी, १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये गेली, बारा वर्षांची. पार्कमधलं मुलांचं स्मारक १९५८ चं, तिच्या वर्गातल्या मुलांनीच त्यासाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली. हे शेवटचं भाचीला आवडेल बघा. तिथे जगभरातून वर्षाला जवळपास १ कोटी क्रेन येतात, काचेच्या कपाटात ठेवतात, तुमच्या ६३ पण राहतील. स्मारकाखाली घंटा आहे, मुलं दोरी ओढून वाजवतात.

धागाकर्ता:
दोघांचे खूप आभार! प्रतिसाद २ ताईला तसाच वाचून दाखवला, काल रात्री तिने सांगितलं. भाची बराच वेळ गप्प, मग म्हणाली हजार झाल्या होत्या ना, मग का? बाबा सुद्धा काही बोलले नाहीत. सकाळी उठून बघतो तर खोक्यात ७१. ताई आणि ती पार्कमध्ये थांबणार, आम्ही तिघं साडेसातला आत, हे फायनल. आता एकच, हा खोका विमानात न चेमटता कसा न्यायचा? आजारी क्रेन म्हणे हातातच धरणार आहे.