सहा भाग वाचून झाले, सातवा आणि आठवा मिळत नाही. थेट नववा सुरू करावा का?

माशेलची आत्या:
सप्रेम नमस्कार. माझी भाची यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत मराठी माध्यम होते आणि आता एकदम इंग्रजी, त्यामुळे तिला इंग्रजी वाचनाची गोडी लागावी म्हणून गेल्या वर्षभरापासून आम्ही दोघी रोज रात्री क्रेसिडा कॉवेल यांची ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ ही हिकप नावाच्या व्हायकिंग मुलाची आणि त्याच्या ड्रॅगनची पुस्तकमालिका वाचतो. पुस्तक इंग्रजी असते. मी एक परिच्छेद वाचते आणि लगेच मराठीत सांगते, आणि जिथे तिला जमेल तिथे ती स्वतः वाचते. नावांचे आम्ही आमच्यापुरते मराठीकरण केले आहे. हिकप हा आमच्या घरात ‘उचकी’ आहे, त्याचा दातपडका ड्रॅगन टूथलेस ‘बोळक्या’ आहे, आणि मुलांना शिकवणारा आडदांड गॉबर ‘ढेकरे गुरुजी’ झाला आहे. शेंबडावरून नाव पडलेल्या त्या चुलतभावाचे आम्ही काय केले असेल, ते आपण ओळखालच.

सहा भाग क्रमाने वाचून झाले. आता अडचण अशी की तिच्या मामाने वाढदिवसाला नववा भाग, म्हणजे ‘हाऊ टू स्टील अ ड्रॅगन्स स्वोर्ड’, भेट दिला आहे, पण सातवा आणि आठवा आमच्याकडे नाही. जवळच्या दुकानात विचारले तर दोन महिने ‘मागवतो’ एवढेच उत्तर मिळते आहे. मुलगी हट्टाला पेटली आहे. आतापर्यंतचा प्रत्येक भाग आपल्यापुरता पूर्ण होता, म्हणून मधले दोन सोडले तर बिघडेल का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की नववा भाग नुसता चाळला तरी चित्रांचा आणि मजकुराचा सूर काळोखा वाटतो. दहा वर्षांच्या मुलीला रात्री झोपण्यापूर्वी तो वाचून दाखवावा का? कृपया कथानकाचा शेवट सांगू नये.

म्हापशाचा वाचक:
चित्रपट दाखवा आणि मधली गाळलेली जागा भरून काढा.

सांखळीचा मास्तर:
म्हापसेकरांचा सल्ला मुळीच ऐकू नये, असे मी आदरपूर्वक सांगतो. 2010 सालच्या चित्रपटाने या पुस्तकांतून नावे आणि थोडी कल्पना घेतली, बाकी गोष्ट स्वतंत्र रचली. तिथे टूथलेस हा मोठा, काळा, न बोलणारा आणि माणसांना क्वचितच दिसणारा ड्रॅगन आहे. पुस्तकात तो लहानखुरा, हट्टी, तोतरा आणि सतत बोलणारा आहे. तिथे गावकरी ड्रॅगनांशी लढत असतात. पुस्तकात ड्रॅगन आधीपासूनच शिकारीला आणि कामाला जुंपलेले आहेत, आणि नवव्या भागापासून जे घडते त्याचे सारे मूळ या जुंपण्यात आहे. चित्रपट पाहून नववा भाग हाती घेणारी मुलगी पाचव्या पानावरच गोंधळेल.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. ही मालिका 2003 साली सुरू झाली आणि 2015 साली बाराव्या भागाने संपली. पहिले सहा भाग मागेपुढे वाचले तरी फारसे बिघडत नाही. पहिल्या भागातला तो प्रसंग आठवा: ड्रॅगनला शिकवण कशी द्यावी यावर थोर प्राध्यापकाचे पुस्तक मोठ्या कष्टाने मिळवले जाते आणि आत उपदेश एवढाच निघतो की त्याच्यावर ओरडा, जितके मोठ्याने ओरडाल तितके चांगले. माझ्या वर्गात हे वाचल्यावर मुले माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागली, ती मी अजून विसरलेलो नाही. त्या भागांचा विनोद असा प्रसंगाप्रसंगाने उभा राहतो. सातव्यापासून लेखिका धागे साठवू लागते, आणि नववा ते बारावा ही चार पुस्तके मिळून एकच लांबलचक गोष्ट आहे, इतकी की नववा संपताच दहावा हाताशी नसेल तर घरात रडारड होते. तेव्हा नववा सुरू करण्याआधी दहाव्याची सोय करून ठेवा.

आठवा भाग कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. नवव्यात ज्या ड्रॅगनाच्या क्रोधाने सारा द्वीपसमूह पेटतो, तो कुठे कोंडलेला होता, कोणी आणि कोणत्या वचनावर त्याला सोडवले, हे आठव्यात आहे. ते ठाऊक नसेल तर तो ड्रॅगन नुसता दुष्ट वाटतो, आणि तो तसा नाही, हीच तर सगळी मेख आहे. सातवा भाग मात्र मिळालाच नाही तर एका गोष्टीपुरती वाट काढता येईल. पुढचे केवळ आत्याबाईंसाठी लिहितो. भाचीला दाखवू नये. सातव्यात अमेरिकेकडे निघालेल्या जहाजाच्या तळाशी गुलाम कोंडलेले आहेत आणि तिथे उचकीच्या कपाळाशी गुलामीची खूण अपघाताने डागली जाते. ती तो शिरस्त्राणाखाली लपवतो. नवव्यात या खुणेवर सर्व काही उलटते. निदान ते प्रकरण कोणाकडून तरी मिळवून वाचा.

काळोखाबद्दल बोलायचे तर, होय, नववा भाग गंभीर आहे. युद्ध आहे, विश्वासघात आहे, आणि नायकाला घर सोडावे लागेल अशी चिन्हे आहेत. तरीही बोळक्या तसाच खादाड आणि कांगावखोर राहतो, आणि लेखिकेची ती शाई सांडलेली, मुलाच्या वहीत काढल्यासारखी चित्रे ताण हलका करतात. माझा अनुभव असा की मुले युद्धाला भीत नाहीत. आपल्या आवडत्या पात्रावर अन्याय झाला की मात्र त्यांना झोप लागत नाही. म्हणून शेवटची तीन प्रकरणे रात्री न वाचता रविवारी सकाळी वाचावीत.

माशेलची आत्या:
मास्तर, आपण फार मोठे काम केलेत. सातव्यात अमेरिका आहे हे वाचून चौथा भाग आठवला. त्यात ज्याचे नाव घ्यायला सारे घाबरतात अशा परदेशी भाजीच्या शोधात उचकी निघतो आणि ती भाजी बटाटा निघते. भाची इतकी हसली की तिला खरोखरच उचकी लागली. हा बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि शब्दही त्यांचाच, हे तिला सांगितल्यापासून ती ताटातल्या बटाट्याच्या भाजीला नाव न घेता ‘ती’ म्हणते.

आणखी एक विचारते. ड्रॅगनांची भाषा मोठ्याने वाचताना आपण काय करता? मी आजवर नुसता आवाज बदलत आले, पण आता संवाद वाढले आहेत असे दिसते.

सांखळीचा मास्तर:
आम्ही निवेदन मराठीत करतो आणि ड्रॅगन कोंकणी बोलतात. ‘म्ह-म्ह-म्हाका भूक लागल्या, नुस्तें दी’ (मला भूक लागली आहे, मासे दे) असे टूथलेस म्हणाला की वर्ग कोसळतो.

म्हापशाचा वाचक:
चित्रपटाविषयीची माझी सूचना मागे घेतो. पण मास्तर, माणसे मराठी बोलणार आणि जनावरे कोंकणी बोलणार, ही वाटणी मला पटली नाही. आपल्या गोव्यात या दोन भाषांवरून जेवढे रामायण झाले तेवढे पुरे आहे.

सांखळीचा मास्तर:
आपला आक्षेप रास्त आहे आणि एका पालकांनी तो माझ्यासमोरही घेतला होता. मी त्यांना पुस्तकातलीच बाजू सांगितली: तिथे ड्रॅगनांशी त्यांच्या भाषेत बोलायला मोठ्यांनी मनाई केली आहे आणि ती भाषा नीट येणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक उचकी आहे; त्याची सारी ताकद तलवारीत नसून त्या भाषेत आहे. आमच्या मुलांच्या घरी आजीशी जी भाषा बोलली जाते ती शाळेच्या वहीत येत नाही. तेव्हा या गोष्टीतला मोठेपणा कोणत्या भाषेकडे जातो ते आपणच ठरवा. तरीही मन धजत नसेल तर उलट करावे, म्हणजे निवेदन कोंकणीत आणि ड्रॅगन मराठीत. एका मुलीने तसे करून दाखवले होते आणि तिचा ड्रॅगन थेट कीर्तनकारासारखा बोलत होता.

पर्वरीची आई:
सातवा आणि आठवा दोन्ही माझ्या मुलाच्या कपाटात आहेत. आठव्याचे मुखपृष्ठ फाटले आहे आणि मधल्या एका पानावर आमरसाचा डाग आहे, पण मजकूर शाबूत आहे. आपण पणजीला येत असाल तर पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाच्या दाराशी शनिवारी भेटू. तिथल्या बालविभागात दहाव्याची चौकशीही करता येईल. पुस्तके चतुर्थीनंतर परत मिळाली तरी चालतील.

माशेलची आत्या:
ताई, शनिवारी अकरा वाजता आम्ही दोघी येतो. नववा भाग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या लाकडी चौकटीमागे ठेवला आहे. भाचीने तो शोधून काढला आहे असा मला दाट संशय आहे, कारण आज जेवताना ती अचानक विचारत होती की शिरस्त्राण म्हणजे नक्की काय.