पुस्तकामागे चार दिवस
कैद्यांना पुस्तकं दिल्यावर ती खरंच वाचली जातात का, असं तुम्ही विचारलंत. ब्राझीलची पद्धत बघा. तिथे 2012 पासून केंद्रीय तुरुंगांत एका पुस्तकामागे 4 दिवस शिक्षा कमी होते. वर्षाला 12 पुस्तकं, म्हणजे जास्तीत जास्त 48 दिवस. वाचायला 21 ते 30 दिवस, मग स्वतःच्या शब्दांत टिपण. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढला तर ते बाद. खरी अडचण लिहिता-वाचता न येणाऱ्यांची होती. 2021 च्या नियमांनी त्यांना तोंडी सांगण्याची, चित्र काढून दाखवण्याचीही मुभा दिली. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण कोठडीत एकजण मोठ्याने वाचतो आणि दुसरा ऐकतो, तेही वाचनच.