गावात चॅनलच्या गाड्या येतात तेव्हा: तुमचे अनुभव

रानजाई
काल टीव्हीवर एका म्हातारीच्या तोंडासमोर माइकची जुडी धरलेली दिसली आणि जानेवारी २०२५ आठवला. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातलं. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ऐकली असतील. आधी डोक्याला खाज, मग केस नुसते हातात यायचे, दोन-चार दिवसांत टक्कल. घाबरलो होतोच. पण 'टक्कल व्हायरस' असं पट्टीवर झळकायला लागलं आणि खरे हाल तिथून सुरू झाले. माझ्या चुलत वहिनीला दारात उभं करून डोक्यावरचा पदर काढायला लावला. एकाचं शूट झालं, तर दुसऱ्याचा कॅमेरा तयार नव्हता म्हणून पुन्हा काढायला लावला. त्यानंतर ती हळदीकुंकवालाही कुणाकडे गेली नाही. आतेभावाचं लग्न जमत आलेलं, मुलीकडच्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्याचा एक केसही गेला नव्हता हो!
आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हात जास्त असलेल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. तोवर गाड्या दुसरीकडे गेल्या होत्या. संसर्ग नाही, हे ज्या आवाजात सांगायला हवं होतं त्या आवाजात कुणी सांगितलंच नाही.
तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा.

सुगरण
बाई गं. पदराचं वाचून पोटात कालवलं. वहिनींचे केस आले का परत?

रानजाई
आले गं, हळूहळू. पुढे काही जणांची नखं गळायला लागली, तिची मात्र ठीक आहेत.

औसेकर
किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या रात्रीच गणपती बोळवले होते. तेव्हा ही चॅनल नव्हती, पण पेपरवाले, पुढारी आणि नुसतेच बघे, इतकी रीघ की मदतीच्या गाड्यांना रस्ता मिळेना. त्यात पाऊस. वडील ढिगाऱ्यातून काकूची भांडी काढत होते, तर कुणीतरी म्हणालं, जरा तसंच थांबा, फोटो घेतो. वडील थांबले. का थांबले, हे त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. आता दर वर्षी त्या तारखेला कुणी ना कुणी 'आठवणी सांगा' म्हणून येतं. आई आदल्या दिवशीच मावशीकडे निघून जाते.

पिंपळपान
दादा, काय बोलू. आईंना नमस्कार सांगा.

कापूसकोंड्या
आम्ही राळेगाव तालुक्यातले. २०१८ ची अवनी वाघीण, माणसं मारल्याचा ठपका असलेली. ऐन कापूस वेचणीचे दिवस, बाया वावरात जायला तयार नाहीत, गुरं गोठ्यात उपाशी. रात्री लाईन आली तरी मोटर चालू करायला कोण जाईल? हे कोणी विचारलं नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला मारलं आणि मग आम्हाला एकच प्रश्न, वाघीण मेली, कसं वाटतं? तिचे बछडे लहान होते, वाईट वाटलंच. पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या दारात वाघिणीसाठी रडा म्हणून उभं राहायचं का? घाईत लिहितोय, बैल सोडायचे आहेत.

जुनावार्ताहर
मी तालुक्याला काम केलंय म्हणून सांगतो. तालुक्याच्या पोराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, बातमी लागली तर त्या बातमीचे पैसे. वरून फोन येतो, 'त्या दुसऱ्या चॅनलकडे रडणारी बाई आहे, आपल्याकडे का नाही?' गाडी शहरातून आली की दर तासाला लाइव्ह द्यायचंच, नवीन काही असो वा नसो. म्हणून तेच तेच प्रश्न. पण नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. दार लावून घ्या. लहान मूल असेल तर त्याचं तोंड दाखवू नका म्हणून आधीच ठणकावून सांगा.

सांगलीची मी
आमच्या सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूर, मार्च २०२०, कोरोना. एवढं पुरे ना? एमएच १० ची गाडी दिसली की पुण्यात सोसायटीचं गेट बंद. माझ्या भावाला वॉचमननं खालूनच परत पाठवलं, औषधं पिशवीत बांधून दोरीनं वर घेतली.

सुगरण
आणि आपण सगळे तेव्हा तेच बघत बसायचो टीव्हीवर, दिवसभर.
रानजाई, विषय सोडून विचारते, लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं ना २०२० मध्ये? तेही तुमच्याच जिल्ह्यात. अजून तसंच आहे का? मुलांना दाखवायचंय.

रानजाई
नाही, तेव्हा पाणी खूप आटून खारटपणा वाढला होता, त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. पाऊस झाला की जातो. पण सरोवर तसंही बघण्यासारखंच आहे, पावसाळ्यानंतर या. येताना शेगावला उतरा, वहिनीकडेच जेवायला नेते.

सुगरण
नक्की. दिवाळीच्या सुट्टीत बघते तिकिटं.