‘डाय क्रॅक’ला मराठीत काय म्हणाल? तडा, वळ आणि ठसाभेद

प्रश्न

आमच्या वाचनालयात नाण्यांचं छोटं प्रदर्शन आहे आणि पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलंय. एका पाटीपाशी अडले आहे. एक रुपयाचं पोलादी नाणं आहे, त्यावर कडेपासून निघालेली केसासारखी रेघ आकड्याच्या बुडाला येऊन टेकते. नाणं देणाऱ्या काकांनी चिठ्ठीवर ‘डाय क्रॅक’ एवढंच लिहिलंय. मी ‘तडा गेलेलं नाणं’ असं लिहिलं, तर काका म्हणाले, नाण्याला तडा गेलेलाच नाही. ‘सदोष नाणं’ चालेल का? ‘डाय’ला साचा म्हणायचं की ठसा? आणि ‘एरर’ व ‘व्हरायटी’ यांना वेगळे शब्द आहेत का?

प्रतिसाद

ताई, काकांचं बरोबर आहे. त्या रेघेवरून हलकेच नख फिरवून बघा. नख खाली घसरलं तर तो ओरखडा, म्हणजे नाणं बाजारात फिरताना कुठेतरी घासलंय. नख अडलं, रेघ वर आलेली लागली, तर ती टांकसाळीतूनच आली आहे. तडा ठशाला, म्हणजे नाणं पाडायच्या हत्याराला, गेला होता. ठशातली फट म्हणजे खोलगट जागा. दाब पडला की नाण्याच्या कोऱ्या चकतीचा धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते.

म्हणून हत्याराला काय झालं यासाठी एक शब्द हवा आणि नाण्यावर काय दिसतं यासाठी दुसरा. दोन्ही एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे एकाच शब्दावर भागवलं की घोटाळा होतो. मी ‘ठशाला तडा, नाण्यावर वळ’ असं म्हणेन. छडीचा वळ उठतो ना कातडीवर, अगदी तसाच हा उठतो. नाण्याबद्दल ‘तडा’ म्हणायचं ते नाणंच तडकलं असेल तेव्हा, कारण खरोखर तडकलेली नाणीही असतात. शिवराईच्या कितीतरी नाण्यांच्या कडा हातोड्याच्या घावाने फाटलेल्या दिसतात.

याच चालीवर आणखी एक जोडी लावता येईल. ठशाच्या कडेचा तुकडाच निघाला तर ‘टवका उडाला’ म्हणू. त्या रिकाम्या जागेत धातू भरतो आणि नाण्याच्या कडेला गुळगुळीत फुगवटा येतो, त्यावर ना अक्षर ना नक्षी. त्याला ‘टेंगूळ’ म्हणायला काय हरकत आहे? याच्या उलट, ठशातल्या अक्षरात वंगण आणि धूळ साचली तर धातू आत जाऊ शकत नाही. मग ठसा ‘बुजला’ आणि अक्षर ‘पुसट’ आलं.

प्रतिसाद

साचा की ठसा, याबद्दल माझं मत ठाम आहे: ठसा.

साच्यात आपण काहीतरी ओततो किंवा भरतो. मोदकाची उकड, गणपतीची शाडू, वितळलेलं पितळ. आजच्या टांकसाळीत चकती वितळवत नाहीत. दोन ठशांमध्ये थंड चकती ठेवून दाबतात. प्राचीन भारतात तांब्याची ओतीव नाणी होती, तिथे साचा हाच शब्द योग्य. पण शिवराईसारख्या पाडलेल्या नाण्याबद्दल ‘साच्यातलं’ म्हटलं की जाणकाराला वेगळाच संशय येतो, कारण नकली नाणी करणारे बहुतेकदा खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन धातू ओततात.

ठसा शब्दाला एक अडचण आहे. हत्यारही ठसा आणि त्याची उमटलेली खूणही ठसा. पण ‘ठसा झिजला’ आणि ‘ठसा उठला’ यांत कुणाचा गोंधळ होत नाही, क्रियापद सांभाळून घेतं. सोनारांकडे हा शब्द आजही नांदतो. पुतळीमाळेतल्या पुतळीवरची आकृती ठशावरच उठते. आणि नाणी आपण ‘पाडतो’, बनवत नाही. ते क्रियापद पाट्यांवर जरूर ठेवा.

प्रतिसाद

मी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे धातू दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, बावीस वर्षं काढली. आमच्याकडे डाय ती डायच, स्त्रीलिंगी. वरचा पंच, खालची डाय. ‘डाय गेली’ म्हटलं की तडकली किंवा टवका निघाला हे सगळ्यांना कळतं. एक गोष्ट सांगतो, तिचा तुमच्या शब्दांशी संबंध आहे. डायला चीर पडली की त्यानंतरच्या प्रत्येक नगावर ती दिसते, आणि शंभराव्या नगावर असते त्यापेक्षा हजाराव्यावर लांब झालेली असते. एकच नग तिरका बसला आणि वाकडा निघाला, तर पुढचा नग नीट येतो. आम्ही या दोन्हींना कधी एक समजत नाही. पहिल्यात डाय उतरवायची, दुसऱ्यात नुसता नग बाजूला टाकायचा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातच ‘एरर’ आणि ‘व्हरायटी’ यांचं उत्तर आहे. ठशात बदल असेल तर तो त्या ठशाच्या सगळ्या नाण्यांवर येतो. जुन्या पोथ्यांचं उदाहरण घ्या. एका नकलेत शब्द बदलला की तिच्यावरून उतरलेल्या सगळ्या नकलांत तो बदललेला सापडतो, आणि त्याला आपण ‘पाठभेद’ म्हणतो. त्याच धर्तीवर व्हरायटीला ‘ठसाभेद’ म्हणावं असं मला मनापासून वाटतं. एकट्या नाण्याच्या बाबतीत घडलं ती ‘पाडताना झालेली चूक’.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही अमेरिकेची. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक सेंटचा एक ठसा तयार करताना मूळ नमुना त्यावर दुसऱ्यांदा दाबला, तेव्हा तो किंचित फिरलेला होता. त्यामुळे साल आणि अक्षरं ठशातच दोन-दोनदा कोरली गेली. अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी लोकांच्या हातात गेली आणि प्रत्येकावर तोच दुहेरीपणा त्याच जागी आहे. हा ‘दुबार ठसा’. चकती बाहेर न पडता तिच्यावर पुन्हा घाव बसला तर तो ‘दुबार मार’, आणि तो एका नाण्यापुरताच. नवखे संग्राहक इथेच फसतात, म्हणून दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटच्या ठशावरच्या खुणा घालवायला कुणीतरी ठसा जास्तच घासला. नाण्यावरच्या गव्याचा पुढचा एक पाय गेला, खूर मात्र राहिला. ‘तीन पायांचा गवा’ म्हणून ते नाणं प्रसिद्ध आहे. आता नकली करणारे साध्या नाण्यावरचा पाय घासून टाकतात. पण अस्सल नाण्यावर गव्याच्या पोटाखालून जमिनीकडे गेलेली बारीक ठिपक्यांची ओळ असते आणि ते ठिपके उंच असतात. ठशात खड्डे होते, म्हणून नाण्यावर ठिपके उठले. नाणं घासून खड्डा करता येतो, उंचवटा कसा आणणार? पुन्हा तेच: तडा आणि वळ.

‘सदोष’ आणि ‘खोटं’ हे दोन्ही शब्द टाळा. मराठीत खोटं नाणं म्हणजे नकली नाणं. ज्या नाण्याच्या ठशाला तडा गेला ते टांकसाळीत पाडलेलं, चालणारं, खरं नाणं आहे.

प्रतिसाद

शिवराई ठसाभेदांची खाण आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’, कुठे ‘पति’ तर कुठे ‘पती’. यांना मी ‘चूक’ म्हणणार नाही. कोरणाऱ्याने आपल्या वळणाने लिहिलंय. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून एकाच नाण्यावर सगळी अक्षरं क्वचितच सापडतात. ‘श्री’ अर्धीच दिसली तरी ठसाभेद समजू नका.

आणि १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया यात धरू नये. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, आणि १९१२ पासून चित्र सुधारलं. तिथे ठशाला काहीच झालं नव्हतं, चित्रच तसं काढलेलं होतं.

प्रश्न विचारणारी

नख फिरवून पाहिलं. अडलं! पाटी अशी केली आहे: ‘एक रुपया. ठशाला गेलेल्या तड्यामुळे नाण्यावर वळ उठला आहे.’ काकांना वाचून दाखवली, त्यांनी मान डोलावली.

एक शंका राहिली. त्यांच्याकडच्या एका नाण्यावर मागच्या बाजूची नक्षी पुढच्या बाजूवर उलटी, अंधूक दिसते. मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आदळले की असं होतं म्हणतात. याला काय म्हणू?

प्रतिसाद

प्रेस शॉपवाला पुन्हा. आम्ही म्हणतो, ‘प्रेस रिकामी पडली आणि पंच डायला लागला.’ पाटीवर ‘एकमेकांना लागलेले ठसे’ असं लिहा.